अस्थिसंधिशोथातील व्यायाम

अस्थिसंधिशोथ, म्हणजे बोलीभाषेत सांध्यांची (बहुधा ‘गुडघ्यांची’) झीज, झालेल्या व्यक्तीने वेदना कमी करण्यासाठी व सांध्याची हालचाल टिकवण्यासाठी करावयाचा, बेताने वाढवत नेलेला व्यायाम. हा विकार गुडघा, खुबा, हाताची बोटे व मणका यांत प्रामुख्याने आढळतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः गुडघ्याचा विचार केला आहे.

चरकसंहितेच्या वातव्याधिचिकित्सेत (चिकित्सास्थान, अध्याय २८) ‘संधिगत वात’ वर्णिला आहे : हाताला हवा भरलेल्या पखालीसारखी लागणारी सूज आणि सांधा पसरताना व आखडताना होणारी वेदना. चिकित्सास्थानाचे सतरा अध्याय संहितेचा नंतरचा संस्कर्ता दृढबल याने पूर्ण केले. ते नेमके कोणते याविषयी मतभेद असले, तरी हा अध्याय सामान्यतः त्यांतच धरतात. दृढबलाचा काळ बहुधा इ. स. चौथे-पाचवे शतक असावा. त्यामुळे हे वर्णन मूळ संहितेइतके जुने मानता येईलच असे नाही. संधिगत वात व अस्थिसंधिशोथ एकच, असे अनेक आधुनिक वैद्य मानतात. लक्षणे बरीच जुळतात, परंतु एवढ्यावरून दोहोंचे तादात्म्य मानण्यापेक्षा साम्य म्हणणे अधिक सयुक्तिक. माधवनिदान या रोगनिदानविषयक ग्रंथातील आमवात हा सांध्यांचा विकार मात्र निराळा. व्यायाम अर्ध्या बळाने करावा, हे सुश्रुताचे वचन या संदर्भात वारंवार उद्धृत होते. ते सर्वसामान्य दिनचर्येविषयी आहे, सांधेरुग्णांसाठी नव्हे.

पाश्चात्त्य वैद्यकात शरीररचनाशास्त्रज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्ये नष्ट झालेली कूर्चा (सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचिक आवरण) पुन्हा भरून येत नाही असे नोंदवले. पुढे झिजेची कल्पना रूढ झाली आणि तिच्यामागोमाग विश्रांतीचा सल्ला आला. तो आता मागे पडला आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण संधिद्रवातून होते आणि भार पडणे व उतरणे या आवर्तनाने त्याला मदत होते. फार दिवस प्लास्टरमध्ये ठेवलेल्या पायाची कूर्चा पातळ होते. पॅनुश व लेन यांच्या १९८६ मधील दोन स्वतंत्र अभ्यासांत दीर्घकाळ धावणाऱ्यांत हा विकार अधिक आढळला नाही. तथापि बीजिंगमधील पाहणीत (२००४) तरुणपणी दिवसातील बराच वेळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याचा विकार जास्त दिसला. वापराने सांधा झिजतो हे म्हणून अर्धेच खरे. भार किती, कसा आणि कोणत्या सांध्यावर, यावर बरेच अवलंबून असते.

कृत्रिम गुडघ्यात संवेदक बसवून केलेल्या मापनांत (कुट्झनर व सहकारी, २०१०) सपाट जमिनीवर चालताना सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे २.६ पट, जिना चढताना ३.२ पट, तर उतरताना ३.५ पट बल आढळले. जिना उतरण्याविषयी रुग्णांची तक्रार अधिक असते ती उगीच नव्हे. स्थिर सायकलवर हे बल बरेच कमी असते. कमरेइतक्या पाण्यात पायांवर शरीराचे साधारण निम्मेच वजन येते. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी.

मांडीच्या पुढील चतुःशीर्ष स्नायूविषयी मात्र वाद आहे. स्लेमेंडा यांच्या १९९७ मधील निष्कर्षांनुसार या स्नायूचा अशक्तपणा विकाराच्या आधीही असू शकतो. त्यामुळे तो बळकट करणे हा उपचाराचा कणा ठरला. शर्मा व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये, पाय बाकलेले किंवा सांधा सैल असल्यास बळकट स्नायूबरोबर विकार अधिक वाढतो, असे दाखवले. अमिन यांच्या २००९ मधील अभ्यासात तसे आढळले नाही. उलट गुडघ्याच्या वाटीमागील कूर्चेला बळकट स्नायूचा लाभच दिसला. हे दुसरे मत आज अधिक ग्राह्य वाटते. बळ वाढवण्यासाठी जड वजने लागतात असेही नाही : २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३७७ रुग्णांवरील अमेरिकन चाचणीत अठरा महिन्यांनंतर जड वजनांच्या गटाची वेदना हलक्या वजनांच्या गटापेक्षा कमी झाली नव्हती.

प्रत्यक्षात गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल दाबणे, पाय सरळ ठेवून उचलणे, उंच खुर्चीवरून उठबस आणि सपाट रस्त्यावर चालणे इतके बहुतेकांस पुरते. व्यायाम करताना थोडी वेदना चालते. डेन्मार्कमध्ये २०१३ पासून राबवल्या जाणाऱ्या कार्यक्रमात शून्य ते दहाच्या मापावर पाचपर्यंतची आणि चोवीस तासांत पूर्ववत होणारी वेदना स्वीकार्य धरतात. त्यापुढे गेल्यास व्यायाम सोडायचा नसतो, मात्रा कमी करायची असते. सांधा लाल व गरम होणे, ताप, अचानक मोठी सूज किंवा गुडघा अडकून बसणे, ही लक्षणे असल्यास थांबून तपासणी आवश्यक. वज्रासन, पूर्ण बैठका व मांडी घालून दीर्घकाळ बसणे यांत गुडघा खूप दुमडतो. वेदना असताना हे प्रकार टाळणे बरे, मात्र सर्वांना सरसकट बंदी घालण्यास पुरेसा आधार नाही.

लाभाचे प्रमाण बेताचेच. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२४ मधील आढाव्यात वेदना व हालचाल यांत सुधारणा दिसली, पण ती अल्पकालीन आणि रुग्णाला कितपत जाणवेल याविषयी अनिश्चित. वजन जास्त असल्यास आहारनियंत्रण जोडल्याने अधिक फरक पडतो : मेसियर यांच्या गणनेनुसार (२००५) घटलेल्या प्रत्येक किलोमागे दर पावलाला गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो. खुब्याचा विकार आशियाई लोकांत तुलनेने विरळ असून त्याचे बहुतेक अभ्यास पाश्चात्त्य रुग्णांवर झाले आहेत. हाताच्या बोटांच्या व्यायामाने वेदना व ताठरपणा किंचित कमी होतो.