आरंभ कोणाच्या बाजूचा?

२२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी पोपच्या विज्ञान अकादमीसमोर एक लांबलचक भाषण केलं. त्यात एकमेकींपासून दूर पळणाऱ्या दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे प्रचंड समूह होते, किरणोत्सारी खनिजांवरून काढलेलं खडकांचं वय होतं, ताऱ्यांचं आयुर्मान होतं. या सगळ्यावरून पोपमहाशयांनी काढलेला निष्कर्ष असा : विश्वाला आरंभ आहे, म्हणजे त्याची निर्मिती झाली, म्हणजे निर्माता आहे. गॅलिलिओच्या खटल्यापासून ज्या विज्ञानाशी चर्चचं बिनसलं होतं, तेच आता साक्षीला उभं राहिल्यासारखं दिसत होतं.

या भाषणाने सगळ्यात जास्त पंचाईत झाली ती एका कॅथलिक धर्मगुरूची. आणि महास्फोटाची, म्हणजे विश्व एका अतिशय दाट अवस्थेतून फुगत आलं ही कल्पना मुळात त्याचीच होती.

जॉर्ज लमेत्र हा १८९४ साली जन्मलेला बेल्जियन. पहिल्या महायुद्धात तो तोफखान्यात होता. १९२३ मध्ये त्याने धर्मगुरूपदाची दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी केंब्रिजला खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टनच्या हाताखाली शिकायला गेला. १९२७ मध्ये आइन्स्टाइनच्याच समीकरणांवरून त्याने दाखवून दिलं की विश्व प्रसरण पावत असलं पाहिजे. आइन्स्टाइनचं मत पडलं : गणित बरोबर आहे, पण यातलं भौतिकशास्त्र भयंकर आहे. दोनच वर्षांनी खगोलशास्त्रज्ञ हबलची दूर जाणाऱ्या दीर्घिकांवरची निरीक्षणं प्रसिद्ध झाली आणि प्रसरणाकडे दुर्लक्ष करणं अवघड होऊन बसलं. १९३१ मध्ये लमेत्रने पुढचं पाऊल टाकलं. 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकातल्या एका छोट्याशा पत्रात त्याने लिहिलं की हा प्रवास उलटा मोजत गेलं तर सगळी ऊर्जा शेवटी एकाच 'आद्य अणू'त सामावलेली सापडेल, आणि तिथे 'स्थळ' आणि 'काळ' या शब्दांनाच अर्थ उरणार नाही. या पत्राची मूळ टंकलिखित प्रत आजही जपून ठेवलेली आहे. तिच्या शेवटी देवाचा उल्लेख असलेला एक परिच्छेद आहे आणि त्यावर काट मारलेली आहे. छापील पत्रात तो नाही.

त्यामुळे १९५१ च्या भाषणावरची लमेत्रची अस्वस्थता समजण्यासारखी आहे. एक तर त्याच्या दृष्टीने ही कल्पना चाचणीला बसलेली होती, पास झालेली नव्हती. त्या वेळच्या मोजमापांवरून विश्वाचं वय जेमतेम २०० कोटी वर्षं निघत होतं, तर भूगर्भशास्त्रज्ञ पृथ्वीच ३०० कोटींहून जुनी असल्याचं सांगत होते. मुलगी आईपेक्षा मोठी! असल्या आकड्यांवर देवाचं अस्तित्व टेकवणं त्याला धोक्याचं वाटलं तर नवल नाही. दुसरं कारण अधिक खोलवरचं होतं. त्याच्या मते हा सिद्धांत धर्माच्या आणि तत्त्वज्ञानाच्या प्रश्नांबाहेरचा होता. जडवाद्याला तो मान्य करूनही देव नाकारता येईल, असं तो पुढे स्पष्टच म्हणाला. व्हॅटिकनच्या वेधशाळेच्या प्रमुखांशी त्याने या विषयावर बोलणं केलं. सप्टेंबर १९५२ मध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ रोमला जमले, तेव्हा त्यांच्यासमोर बोलताना पोपनी तो दावा पुन्हा केला नाही. गंमत म्हणजे त्याच संमेलनात खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडेने जाहीर केलं की दीर्घिकांची अंतरं मोजण्यात चूक होती, ती सुमारे दुप्पट धरायला हवीत. अंतर दुप्पट म्हणजे तेवढं दूर जायला लागलेला काळही दुप्पट. विश्वाचं वय एका दिवसात दुप्पट झालं. पुढे ते वाढत वाढत आजच्या १३८० कोटी वर्षांवर स्थिरावलं.

आस्तिक म्हटला की त्याला आरंभ हवा आणि नास्तिक म्हटला की अनादि विश्व, अशी आपली समजूत असते. इतिहासात ही वाटणी फारशी टिकत नाही. लमेत्रचा गुरू एडिंग्टन क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा श्रद्धाळू अनुयायी होता, पण विश्वाला एकाएकी सुरुवात झाली ही कल्पना त्याला किळसवाणी वाटायची आणि तसं त्याने १९३१ मध्ये लिहिलंही. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञाने तर बजावलं होतं की जगाला काळात आरंभ होता हे श्रद्धेने मानावं, तर्काने ते सिद्ध करता येत नाही. त्याच्या लेखी निर्मिती म्हणजे जगाचं देवावर क्षणोक्षणी अवलंबून असणं. जग अनादि असतं तरी त्या अवलंबून असण्यात फरक पडला नसता.

आपल्याकडची साक्ष आणखी मजेदार आहे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, उदयनाचार्यांचा युक्तिवाद प्रसिद्ध आहे : पृथ्वी, अंकुर वगैरे गोष्टी 'कार्य' आहेत, आणि घडा पाहिला की कुंभार मानावाच लागतो, तसा त्यांचाही कर्ता मानावा लागतो. त्यांच्या काही शतकं आधी कुमारिल भट्टांनी सृष्टिकर्त्याच्या कल्पनेची अक्षरशः उलटतपासणी घेतली होती. सृष्टी निर्माण होताना कोणी पाहिली? देवाने करुणेपोटी ती केली म्हणावं, तर सृष्टीपूर्वी ज्यांची करुणा यावी असे जीव होते कुठे? आणि खुद्द प्रजापती येऊन 'मीच केलं हे' म्हणाला, तरी विश्वास का ठेवावा? आपला मोठेपणा मिरवायला तो खोटंही बोलू शकेल! हे लिहिणारे कुमारिल कोणी वेद नाकारणारे चार्वाक नव्हते. वेदांच्या प्रामाण्यासाठी बौद्धांशी हिरिरीने भांडणारे ते मीमांसक होते. जग नेहमी असंच चालत आलेलं आहे, त्याला कर्त्याची गरज नाही, ही त्यांची धार्मिक भूमिका होती.

विसाव्या शतकात अनादि विश्वाची बाजू लढवली ती केंब्रिजच्या खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइलने. हा पक्का नास्तिक. १९४८ मध्ये हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला : विश्व प्रसरण पावतं, पण मोकळ्या होणाऱ्या जागेत अगदी संथपणे नवं द्रव्य तयार होत राहतं, त्यामुळे विश्वाचा एकूण चेहरामोहरा कायम तोच राहतो. आरंभ नाही, शेवट नाही. मार्च १९४९ मध्ये बीबीसीवर बोलताना त्याने विरोधी सिद्धांताचं वर्णन 'बिग बँग' असं केलं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आरंभाच्या कल्पनेला त्याला धर्मग्रंथातल्या निर्मितिकथेचा वास यायचा आणि हे तो लपवत नसे.

मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा टप्पा. हॉइलचा हेतू काहीही असो, त्याचा सिद्धांत चोख होता, कारण तो खोटा ठरू शकत होता. विश्व नेहमी सारखंच असेल तर दूरवर, म्हणजेच भूतकाळात, पाहिलं तरी दृश्य तेच दिसायला हवं. केंब्रिजमध्येच मार्टिन राइलने रेडिओ लहरी सोडणाऱ्या दूरच्या खगोलीय स्रोतांची मोजदाद केली, आणि दृश्य तसं दिसेना. मग १९६४ मध्ये न्यू जर्सीत आर्नो पेन्झियस आणि रॉबर्ट विल्सन यांना एका मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात एक बारीक खरखर ऐकू यायला लागली. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो की रात्र, खरखर तेवढीच. जोडण्या तपासून झाल्या. आत घरटं करून राहिलेली कबुतरं हुसकावली, त्यांची विष्ठा खरवडून काढली. खरखर जागच्या जागी. ७.३५ सेंटीमीटर तरंगलांबीवर तिचं तापमान भरलं सुमारे ३.५ केल्विन, म्हणजे निरपेक्ष शून्य या थंडीच्या शेवटच्या टोकापेक्षा जेमतेम साडेतीन अंश वर. प्रिन्स्टनमधले रॉबर्ट डिकी आणि त्यांचे सहकारी नेमक्या अशाच प्रारणाचा (किरणांचा) शोध घ्यायच्या तयारीत होते : विश्व एकेकाळी तापलेलं, दाट असेल तर त्या उष्णतेचा निवलेला अवशेष आजही सगळीकडे भरून असायला हवा. १९६५ मध्ये दोन्ही गटांचे निबंध एकापाठोपाठ एक छापून आले.

ते प्रारण आज २.७२५ केल्विनला मोजलं गेलेलं आहे. तुमच्या डोळ्यांसमोरच्या प्रत्येक घन सेंटीमीटर जागेत या क्षणी त्याचे सुमारे ४११ प्रकाशकण आहेत. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना ते मोकळे सुटले. विल्सनने विद्यार्थिदशेत हॉइलचीच व्याख्यानं ऐकली होती आणि मनाने तो स्थिर स्थितीकडे झुकलेला होता. अँटेनाला त्याचं सोयरसुतक असायचं कारण नव्हतं. जून १९६६ मध्ये लमेत्र वारला. त्याच्या थोडंच आधी सहकाऱ्याने या प्रारणाच्या शोधाची बातमी त्याच्या कानावर घातली होती.

हॉइलने मात्र हार मानली नाही, आणि त्याचे शिष्य जयंत नारळीकर यांनीही नाही. १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारून मांडलेला 'अर्धस्थिर स्थिती' सिद्धांत बहुतेकांनी स्वीकारला नाही. तरी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत नारळीकर महास्फोटाबद्दल शंका विचारत राहिले. त्यांची बाजू पुराव्यापुढे तोकडी पडली असं माझं मत आहे. पण सर्वमान्य सिद्धांताला त्यांनी ज्या सभ्यपणे आणि चिकाटीने छेडलं, ते टीव्हीवरच्या आस्तिक-नास्तिक कुस्त्यांमध्ये क्वचितच दिसतं.

आता मुख्य घोटाळ्याकडे येऊ. महास्फोट सिद्ध झाला म्हणजे 'आरंभ' सिद्ध झाला का? सिद्धांत खात्रीने सांगतो ते असं : १३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अतिशय दाट आणि उष्ण होतं, आणि तिथपासून ते प्रसरण पावत, निवत आलं. पहिल्या काही मिनिटांत वस्तुमानाने सुमारे पाव हिस्सा हेलियम तयार झाला, आणि आज जुन्या वायूंमध्ये तेवढाच सापडतो. पहिल्या सेकंदापर्यंतची हकिकत बऱ्यापैकी भरवशाची आहे. त्याआधी, अगदी मागे गेलं की आइन्स्टाइनची समीकरणं घनता अनंत असल्याचं उत्तर देतात. समीकरणाने अनंत असं उत्तर दिलं की भौतिकशास्त्रज्ञ त्याचा अर्थ लावतात तो असा : हे समीकरण इथे चालत नाही. तिथे गुरुत्वाकर्षणाला अणूंच्या सूक्ष्म जगाच्या नियमांशी जोडणारा क्वांटम सिद्धांत लागेल, आणि तो अजून कोणाच्या हाती नाही.

२००३ मध्ये बोर्ड, गूथ आणि विलेन्किन या भौतिकशास्त्रज्ञांनी एक प्रमेय सिद्ध केलं : सरासरीने प्रसरण पावत आलेल्या विश्वाचा भूतकाळ अमर्याद मागे ताणता येत नाही. श्रद्धेच्या बाजूने बोलणाऱ्या वक्त्यांच्या भाषणांत हे प्रमेय हमखास येतं. ते बरोबरच आहे, पण ते सांगतं एवढंच की प्रसरणाचं वर्णन कुठेतरी संपतं. त्यापलीकडे काय, यावर ते गप्प आहे. खुद्द कर्त्यांपैकी विलेन्किन आरंभाच्या बाजूला झुकतात, तर गूथ म्हणतात की विश्व बहुधा अनादि असावं, पण कोणालाच ठाऊक नाही.

संशयवाद्यांच्या बाजूलाही हातचलाखी चालते. 'विश्व शून्यातून आपोआप उगवलं, भौतिकशास्त्राने दाखवलंय' हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यातलं शून्य तपासून पाहिलं तर त्यात क्वांटम क्षेत्रं असतात, निर्वात पोकळी असते, आणि मुख्य म्हणजे निसर्गनियम असतात. एवढं सामान असलेल्या शून्याला शून्य म्हणणं हे तत्त्वज्ञाच्या प्रश्नाला बगल देणं झालं. तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलची भूमिका जास्त प्रामाणिक होती. १९४८ मध्ये बीबीसीवर कॅथलिक धर्मगुरू फादर कोपलस्टन यांच्याशी झालेल्या वादात त्याने सांगून टाकलं की विश्व आहे, बस्स. त्याच्या कारणाचा प्रश्नच आपल्याला मान्य नाही. कोपलस्टन म्हणाले, खेळायलाच बसला नाहीत तर मात कशी होणार? दोघांमधलं खरं अंतर दुर्बिणीने मोजण्याजोगं नव्हतंच. ज्याचं कारण विचारायचं नाही अशी गोष्ट कुठे मानायची, एकाने ती विश्वात मानली, दुसऱ्याने देवात.

हल्ली वादाचा जोर आरंभावरून 'जुळणी'वर सरकलाय : निसर्गाचे स्थिरांक जरा इकडेतिकडे असते तर तारे, कार्बन, आपण, काहीच नसतं. याचं गाजलेलं उदाहरण पुन्हा हॉइलचंच. ताऱ्यांच्या पोटात तीन हेलियम केंद्रकांपासून (अणूंच्या गाभ्यांपासून) कार्बन पुरेसा तयार व्हायचा तर कार्बनच्या केंद्रकाला एक विशिष्ट ऊर्जापातळी हवी, सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची, असं त्याने १९५३ मध्ये भाकीत केलं. अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या प्रयोगशाळेत ती सापडली. या भाकितामागे 'जीवसृष्टी असायलाच हवी' असा विचार होता, असं पुढे सांगितलं जाऊ लागलं. १९५३ मध्ये मात्र चर्चा होती ती निव्वळ मूलद्रव्यांच्या प्रमाणाची. हॉइल स्वतः १९८० च्या दशकात म्हणू लागला की कोणीतरी अतिबुद्धिमानाने भौतिकशास्त्राशी खटाटोप केलेला दिसतो. आरंभ नको म्हणणारा नास्तिक, जुळणी पाहून हेलावला! याला उत्तर म्हणून पुढे केलं जाणारं बहुविश्व, म्हणजे असंख्य विश्वांपैकी आपलं एक, हेही तूर्त निरीक्षणाच्या आवाक्याबाहेर आहे. 'पुरावा दाखवा' हा संशयवाद्यांचा हक्काचा प्रश्न इथे त्यांच्यावरच उलटतो, आणि तो त्यांनी झेलायला हवा.

१७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटाने जाहीर केलं की विश्वाच्या जन्मक्षणीच्या, इन्फ्लेशन नावाच्या अतिवेगवान फुगवट्यातल्या गुरुत्वीय लहरींची खूण त्या जुन्या प्रारणात सापडली. आठवडाभराच्या आत देवाचा पुरावा मिळाल्याचे लेख आले आणि बहुविश्वाला बळ मिळाल्याचेही. जानेवारी २०१५ मध्ये प्लँक उपग्रहाच्या माहितीशी ताडून पाहिल्यावर समजलं की ती खूण बव्हंशी आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती. खऱ्या खुणेचा शोध दक्षिण ध्रुवावर आणि चिलीच्या अटाकामा वाळवंटात चालूच आहे, आणि आता एकाऐवजी अनेक तरंगलांब्यांवर मोजमाप होतं, म्हणजे धूळ आधी वजा करता येते.