किक किती उंच हवी? पूमसेमधल्या एका वादाची पार्श्वभूमी

वडोदऱ्यात तायक्वांदोच्या दोन वेगळ्या क्लासची मुलं पूमसेच्या, म्हणजे हालचालींचा ठरलेला क्रम एकट्याने करून दाखवायच्या, एकाच स्पर्धेत उतरली की निकालानंतर हा वाद ठरलेला. एकाची समोरची किक पोटाच्या उंचीला थांबते, दुसरीची कपाळाच्याही वर जाते, आणि मार्क दुसरीला जास्त पडतात. मग दोन्हीकडचे सर आपापल्या पुस्तकाचा दाखला देतात. तायक्वांदोच्या शाखा दोन, त्यामुळे पुस्तकं खरोखरच दोन आहेत. पण वाद त्यांच्याहून जुना आहे.

त्याची सुरुवात कराटेच्या माहेरी, जपानच्या ओकिनावा बेटावर होते. तिथले कराटेचे गुरू आन्को इतोसू यांनी १९०५च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच काता, म्हणजे कराटेतले हालचालींचे ठरलेले क्रम, बसवले. ओकिनावातल्या जुन्या कातांमध्ये लाथ साधारण कमरेखालीच बसायची: गुडघा, जांघ, फार तर ओटीपोट. लढताना पाय उंच नेला की तो पकडला जातो, हा त्यामागचा साधा हिशेब. शाळेच्या मैदानावर आल्यावर मात्र काताची कवायत झाली. वडोदऱ्यातलं जुम्मादादा व्यायाम मंदिर आणि तिथला प्रो. माणिकरावांचा संघव्यायाम ज्यांनी निदान घरातल्या मोठ्यांकडून ऐकला आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. जोडीत खेळायचा डाव शंभर जणांनी एका हुकमावर करायचा म्हटलं की तो बदलतोच.

पुढे गिचिन फुनाकोशी १९२२मध्ये ही विद्या तोक्योला घेऊन गेले. त्यांच्या शोतोकान परंपरेत, विशेषतः मुलगा योशिताका यांच्या काळात, पवित्रे लांब झाले आणि पाय वर गेला. पिनानमधल्या एका कात्यात तर ओकिनावातल्या काही शाखा सरळ समोर लाथ मारतात आणि शोतोकानवाले तीच बाजूला, वर उचलून मारतात. म्हणजे तायक्वांदो हे नाव पडण्याआधीच मतभेद तयार होता.

ते नाव ठरलं ११ एप्रिल १९५५ला. त्यासाठी खटपट करणारे जनरल चोई होंग ही जपानमध्ये कराटे शिकलेले होते. त्यांच्या वोन-ह्यो पॅटर्नची (पॅटर्न म्हणजे त्यांच्या शाखेतले पूमसेसारखे क्रम) सुरुवात पाहिली की शोतोकानचा ठसा लपत नाही. १९६६मध्ये त्यांनी आयटीएफ, म्हणजे इंटरनॅशनल तायक्वांदो फेडरेशन, स्थापन केली. त्यांचे चोवीस पॅटर्न लष्करी माणसाने लिहावेत तसे लिहिलेले आहेत. किक खालची, मधली की वरची, हे नोंदलेलं असतं. वोन-ह्योमधली समोरची किक खालची, ह्वा-रांगमधली वळवून मारायची किक वरची. उंची मोजायची ती समोर आपल्याच चणीचा प्रतिस्पर्धी उभा आहे असं धरून. त्यामुळे या शाखेत शिकलेल्या मुलाने पाय खाली ठेवला, तर त्याला तो वर जात नाही म्हणून नव्हे. तसंच करायला सांगितलेलं असतं.

दुसरी शाखा सोलच्या कुक्कीवोनची. ही संस्था १९७२मध्ये उभी राहिली, आणि आज वर्ल्ड तायक्वांदो म्हणतात तो महासंघ १९७३मध्ये. आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये शिकवतात ते तेगुक पूमसे याच शाखेचे. इथेही चेहरा, धड आणि खालचा भाग असे तीन थर आहेत. पण २००६मध्ये सोलला पूमसेची पहिली जागतिक स्पर्धा झाली आणि गणित फिरलं. दहापैकी चार मार्क अचूकतेला, सहा सादरीकरणाला. चुकीला ०.१ किंवा ०.३ कापले जातात. सादरीकरणात मात्र वेग, ताकद, लय आणि आविर्भाव परीक्षकाच्या नजरेत भरावे लागतात. लांब बसलेल्या परीक्षकाला उंच पाय लगेच दिसतो. त्यात फाइटमध्येही आता धडावरच्या किकला दोन गुण आणि डोक्यावरच्या किकला तीन. बघणाऱ्यांच्या डोळ्यांनाच उंचीची सवय लागली.

माझ्या मते ‘खालची किक म्हणजे कच्ची किक’ ही समजूत या स्पर्धांनी आणली, परंपरेने नव्हे. तेगुक इल जांग, म्हणजे अगदी पहिला पूमसे, घ्या. त्यात समोरची किक मारून तोच पाय पुढे टेकवायचा आणि आखूड पवित्र्यात लगेच धडावर पंच. किक डोक्यावर नेली की कंबर मागे कलते, टेकलेल्या पायाची टाच उचलली जाते आणि पाऊल हवं त्यापेक्षा लांब पडतं. पंच उशिरा निघतो, तोही नुसत्या हाताचा. ज्यांना दोन्ही साधतं ते आंतरराष्ट्रीय पदकं आणतात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. यलो बेल्टच्या पोराकडून तीच अपेक्षा ठेवणं मला पटत नाही.

शिवाय कुक्कीवोनचाच कोर्यो पूमसे आहे, ब्लॅक बेल्टनंतर पहिला येणारा. त्यात एकाच पायाने लागोपाठ दोन साइड किक मारायच्या असतात: पहिली गुडघ्यावर, पाय खाली न टेकवता दुसरी वर. खालच्या लाथेने समोरच्याचं लक्ष आणि तोल खाली ओढायचा आणि मग वर मारायचं, असा तो डाव. घाईत पहिलीही कमरेपर्यंत नेणारे खेळाडू स्पर्धांमध्ये दिसतात. तिथे मार्क कापले गेले तर कोणत्याही शाखेच्या सरांना भांडायला जागा उरत नाही.