कोडचा समास कोण सांभाळतो?

नागपूरला गायत्री नगरच्या आयटी पार्कात आमच्या टीमनं एका जुन्या प्रकल्पावर पहिल्यांदा फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप लावणारा प्रोग्राम, चालवला, त्या सकाळची गोष्ट. तर्री-पोहे खाऊन जागेवर आलेला एक सहकारी स्क्रीनकडे बघत म्हणाला, "अरे भाऊ, पूर्ण फाइलच लाल-हिरवी काऊन दिसून राह्यली? काल तर मी दोनच ओळी बदलवल्या होत्या." बदललेली प्रत्येक ओळ स्क्रीनवर लाल-हिरवी दिसते, आणि त्या दोन ओळी त्या गर्दीतून वेचून काढायला दुपार झाली. प्रोग्रामचं वागणं तसूभरही बदललं नव्हतं. बदलली होती ती फक्त मोकळी जागा. कुठे चार स्पेस आल्या होत्या, कुठे लांब ओळ मोडली होती, कुठे महिरपी कंस वरच्या ओळीला जाऊन चिकटला होता.

ही मोकळी जागा नेमकी कुणासाठी असते आणि ती सोडायचा अधिकार कुणाचा, या प्रश्नाला साठ वर्षांहून मोठा इतिहास आहे. फॉरमॅटरला नुसतं 'कोड नीटनेटका करणारं साधन' म्हटलं की तो इतिहास झाकला जातो, म्हणून ही पार्श्वभूमी.

सुरुवातीला समास, म्हणजे ओळीआधी सोडलेली ही जागा, मशीनचा होता. आयबीएमनं १९२८ साली ८० रकान्यांचं पंचकार्ड आणलं आणि पुढची कित्येक दशकं प्रोग्रामची एक ओळ म्हणजे एक कार्ड हे समीकरण राहिलं. १९५७ साली आलेल्या फोरट्रान या प्रोग्रामिंग भाषेत कुठल्या रकान्यात काय लिहायचं हे ठरलेलं होतं. पहिले पाच रकाने विधानाच्या क्रमांकासाठी होते. सहाव्यात खूण केली की वरची ओळ पुढे चालू आहे असं समजायचं. खरा मजकूर ७ ते ७२ मध्ये. ७२च का, तर आयबीएम ७०४ या संगणकाचं कार्ड वाचणारं यंत्र तेवढेच रकाने वाचायचं. ७३ ते ८० मध्ये कार्डाचा अनुक्रम छिद्रित करत, म्हणजे गठ्ठा हातातून पडलाच तर यंत्रानं पुन्हा ओळीनं लावता यायचा. आजही कोड लिहायच्या अनेक एडिटरांत ८०व्या अक्षरापाशी जी पुसट उभी रेघ दिसते, ती त्या कार्डाची उरलेली कड आहे.

पण त्या ७ ते ७२ रकान्यांच्या आत स्पेसला काडीची किंमत नव्हती. जुनं फोरट्रान स्पेस चक्क गाळून वाचायचं. 'डू १० आय = १,१०' असं लिहिलं तर ते दहा वेळा फिरणारं चक्र. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, सगळं एकत्र जोडून 'डू१०आय' नावाचं चल (व्हेरिएबल) समजायचा आणि त्यात १.१० ही किंमत टाकून मोकळा व्हायचा. चूक झाली असं तो सांगणारही नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळातला मोडी कागद ज्यांनी वाचायचा प्रयत्न केलाय, त्यांना हे ओळखीचं वाटेल. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली न थांबता लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शब्द कुठे तोडायचा हे वाचणाऱ्यानं अर्थावरून ताडायचं. मुरलेला कारकून ते सहज करी, पण नवख्याला एक ओळ लावायला तास लागतो. मोडीत वाचक माणूस होता, फोरट्रानमध्ये कंपायलर. जागेच्या आधाराशिवाय दोघांनाही चकवा बसू शकतो.

१९६० साली ॲल्गॉल ६० ही भाषा आली आणि रकाने सुटले. 'बिगिन' आणि 'एंड' यांच्या मध्ये काहीही, कसंही लिहा. ओळ कुठे मोडली, समास किती सोडला, याच्याशी कंपायलरला देणंघेणं नाही. समास तेव्हापासून माणसाचा झाला. लिहिणारा आत सरकवलेल्या ओळींमधून पुढच्या वाचणाऱ्याला सांगू लागला, की या ओळी त्या अटीच्या पोटात आहेत. आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रॅक्टिकल जर्नलात आखीव पानावर प्रोग्राम उतरवताना आपण एकेक बोट आत सरकत जायचो, तेही हेच सांगणं होतं. फक्त हे सांगणं खरं आहे का, ते तपासणारं कुणी नव्हतं. कंपायलर कंस बघतो, माणूस समास बघतो, आणि दोघांनी दोन वेगळे प्रोग्राम वाचले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. माझ्या मते स्वयंचलित मांडणीची खरी गरज इथे जन्मली. सुबकपणा ही नंतरची मिळकत.

पहिलं पाऊल लिस्प या भाषेवाल्यांनी टाकलं, कारण त्यांचं दुखणं सगळ्यात मोठं होतं. लिस्पचा प्रोग्राम म्हणजे कंसात कंस, त्यात कंस. शिवाय तो मशीनच्या स्मृतीत यादीच्या रूपात असतो. तिथून परत छापायचा तर सलग एक न संपणारी ओळ बाहेर पडायची. एमआयटीत बिल गॉस्पर यांनी १९६७ साली 'ग्राइंडडेफ' लिहिलं. त्यातली युक्ती साधी होती. हा तुकडा उरलेल्या रुंदीत मावतो का ते मोजायचं. मावला तर एका ओळीत, नाही तर तोडून आत सरकवायचा. आजचे अनेक फॉरमॅटर उघडून पाहिले तर तळाशी हेच मोजमाप सापडतं.

पाठोपाठ इतर भाषांची साधनं आली. ब्रिटनमध्ये ॲल्गॉल ६०साठी केलेल्या साधनाचं नाव 'सोप', म्हणजे साबण. दुर्बोध ॲल्गॉल प्रोग्राम सोपे करा, अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं होती. त्यावरचा लेख १९७१ साली छापून आला. त्याच्या वर्षभर आधी, १९७० मध्ये, पीएल-वन भाषेसाठीच्या 'नीटर२'ची माहिती प्रसिद्ध झाली होती, आणि मला या सगळ्या काळातलं सर्वांत महत्त्वाचं काम तेच वाटतं. नीटर२ प्रोग्रामची तार्किक रचना ओळखून त्याप्रमाणे समास नव्यानं सोडायचं. आणि त्या लेखात लेखकांनी मुद्दाम नोंदवलं, की असं केल्यावर प्रोग्राममधल्या तर्काच्या चुका सापडल्या. लिहिणाऱ्याला वाटत होतं अट इथे संपली. यंत्रानं समास लावला तेव्हा दिसलं, ती संपलेलीच नाही.

१९८० साली डेरेक ओपेन यांनी या मोजमापाला पक्कं गणित दिलं. प्रोग्राम दुप्पट लांब झाला तर वेळ दुप्पटच लागेल, त्याहून जास्त नाही, आणि स्मृती लागेल ती फक्त ओळीच्या रुंदीच्या प्रमाणात, अशी ती रीत. नव्वदीच्या दशकात जॉन ह्यूज आणि फिलिप वॅडलर यांनी तीच गोष्ट फंक्शनल भाषांच्या अंगानं मांडली. वॅडलर यांची मांडणी वीस वर्षांनी अचानक वेब प्रोग्रामरांच्या रोजच्या वापरात आली, ते पुढे येईलच.

दरम्यान युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या जगात सी भाषा पसरली आणि तिच्याबरोबर महिरपी कंसाचं भांडणही. कंस अटीच्याच ओळीत शेवटी ठेवायचा की खालच्या ओळीत एकटा? एरिक ऑलमन यांच्या नावाची एक पद्धत, कर्निगन आणि रिची यांच्या नावाची दुसरी, ग्नूवाल्यांची तिसरी. डेव्हिड विलकॉक्स यांनी १९७६ साली इलिनॉय विद्यापीठात लिहिलेला 'इंडेंट' हा प्रोग्राम १९८३ साली बर्कलीच्या युनिक्समधून सगळीकडे गेला. पण त्यानं भांडण मिटवलं नाही. त्यात इतके पर्याय होते, की ज्याला त्याला आपापला आग्रह नीट लिहून ठेवता आला, एवढंच. समास किती असावा यावर त्याच वर्षी बेन श्नायडरमन आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. दोन ते चार स्पेसचा समास असेल तर प्रोग्राम सर्वांत चांगला समजतो, असं त्यात दिसलं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, मात्र आजही आठ अक्षरांचा टॅब आहे. तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर समास कमी करू नका, प्रोग्राम सुधारा, हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचा त्यामागचा युक्तिवाद.

टॅब की स्पेस हा वाद पुष्कळांना पोरकट वाटतो. ब्रेल पट्टीवर कोड वाचणाऱ्याची अडचण ऐकल्यावर मला तो तसा वाटेनासा झाला. पट्टीवर मोजक्याच खाचा असतात. आठ स्पेस म्हणजे आठ खाचा वाया. टॅब एका खाचेत भागतो.

एक वेगळी वाटही होती. पीटर लँडिन यांनी १९६६ साली सुचवलं, की समासालाच अर्थ देऊन टाकावा, म्हणजे माणूस आणि मशीन एकच गोष्ट वाचतील. फुटबॉलवरून त्यांनी त्याला 'ऑफसाइड'चा नियम म्हटलं. १९९१ साली बाहेर आलेल्या पायथन भाषेनं तो घराघरात नेला. खोटा समास तिथे लिहिताच येत नाही, हे मोठं काम झालं. पण याची दुसरी बाजू आम्ही रोज पाहतो. नवीन मुलं कुठल्या तरी वेबपानावरून किंवा चॅटमधून कोड उचलून आणतात, वाटेत सुरुवातीच्या स्पेस गळून पडतात, आणि कोणती ओळ कुणाच्या पोटात होती ही माहितीच नाहीशी होते. सीचा विस्कटलेला प्रोग्राम कंसांवरून परत उभा करता येतो. पायथनचा अशा वेळी कुठलाच फॉरमॅटर उभा करू शकत नाही, लिहिणाऱ्यालाच विचारावं लागतं.

मग २००९ साली गूगलची गो भाषा आली आणि तिच्याबरोबर 'गोफमट'. रॉबर्ट ग्रीसेमर यांनी लिहिलेल्या या फॉरमॅटरमध्ये शैलीचे पर्यायच ठेवले नाहीत. समास टॅबचा, कंस अटीच्याच ओळीत, विषय संपला. गोफमटची शैली कुणाचीच आवडती नाही, पण गोफमट सगळ्यांचं आवडतं आहे, अशा अर्थाचं गोच्या निर्मात्यांपैकी एक, रॉब पाइक यांचं वाक्य पुढे प्रसिद्ध झालं.

मराठी माणसाला हे कळायला जड जाऊ नये. आपल्या शहराचं नाव हिंदीत नागपुर, मराठीत नागपूर. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनानं १९६२ साली मान्य केले, त्यांत गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ लिहायचा असं ठरलं. ह्रस्व लिहिला असता तरी गाव हेच राहिलं असतं. पण एकदा ठरल्यावर मुद्रितशोधकाला दर वेळी लेखकाशी हुज्जत घालायची गरज उरली नाही, आणि त्याचं लक्ष वाक्याकडे वळलं.

गोफमटनंतर वारं फिरलं. २०१३ मध्ये सी-प्लस-प्लससाठी क्लँग-फॉरमॅट आलं. ओळ इथे मोडली तर किती दंड, तिथे मोडली तर किती, असा हिशेब मांडून ते कमीत कमी दंडाची मांडणी निवडतं. २०१७ साली जेम्स लाँग यांनी जावास्क्रिप्टसाठी 'प्रेटियर' काढलं, त्याचा पाया म्हणजे वॅडलर यांची तीच जुनी मांडणी. २०१८ साली पायथनसाठी 'ब्लॅक' आलं. गाडी काळी असेल तोवर कोणताही रंग घ्या, या हेन्री फोर्ड यांच्या नावावरच्या वाक्यावरून हे नाव. ब्लॅकमधली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: मांडणी बदलल्यावर ते आधीचा आणि नंतरचा प्रोग्राम पुन्हा वाचून दोन्हींची रचना सारखीच आहे ना, हे पडताळून पाहतं.

या वळणाच्या काळातच एक मोठा फटका बसला होता. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमधली चूक उघडकीला आली. 'गोटू फेल', म्हणजे चूक दिसली तर थेट शेवटाकडे उडी मार, ही ओळ चुकून दोनदा पडली होती, दोन्ही सारख्याच आत सरकवलेल्या. डोळ्यांना दोन्ही अटीच्या पोटात दिसत. पण कंस नव्हते, त्यामुळे कंपायलरच्या लेखी पहिलीच अटीत होती. दुसरी दर वेळी चालायची आणि सहीची तपासणी टाळून पुढे उडी मारायची. आयफोनसारख्या उपकरणांवरची सुरक्षित जोडणी त्यामुळे उघडी पडली होती. त्या फाइलवर फॉरमॅटर चालवला असता तर ती दुसरी ओळ एक पायरी डावीकडे सरकून उघडी पडली असती. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, जीसीसी ६ या कंपायलरमध्ये फसव्या समासाची सूचना देणारी सोय आली. ज्या समासाकडे कंपायलरनं कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, तोच समास कंपायलर आता तपासू लागला.

आमच्या टीमचा त्या सकाळचा गोंधळ वेगळा होता. फॉरमॅटरचा बदल आणि कामाचा बदल आम्ही एकाच कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या एकाच नोंदीत, कोंबला होता. आता मांडणीचं कमिट वेगळं करतो. 'ही ओळ शेवटची कुणी बदलली' असं गिटला, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला, विचारलं की मांडणीचं कमिट करणाऱ्याचंच नाव यायचं, त्यावर गिटच्या २.२३ या आवृत्तीत, २०१९ साली, उपाय आला. ठरावीक कमिट वगळून मागचा खरा लेखक दाखव, असं आता सांगता येतं.

एक गोष्ट मात्र सुटलेली नाही, आणि ती आपल्या लिपीची आहे. हे सगळे फॉरमॅटर त्या ८० रकान्यांच्या कार्डाचे वारस आहेत. एक अक्षर म्हणजे एक खण, असं धरून ती मोजणी सुरू झाली. 'नागपूर' लिहिलं तर आपण चार अक्षरं मोजतो. संगणकात अक्षरं साठवायची पद्धत म्हणजे युनिकोड, त्याच्या हिशेबात काना आणि ऊकार धरून ती सहा होतात. 'क्षि' हे एकच अक्षर, तिथे चार. गोफमट ज्या घटकाच्या आधारे ओळींच्या शेवटच्या टिपा एकाखाली एक लावतं, त्याच्या माहितीपत्रकातच लिहिलंय, की प्रत्येक युनिकोड चिन्हाची रुंदी सारखी धरली आहे आणि जोडचिन्हं असतील तर हे चुकू शकतं. आमच्या कोडमध्ये जिल्ह्यांच्या नावांची यादी आहे, शेजारी प्रत्येकाची टीप. अकोला, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली. फॉरमॅटर चालवला की नावं नीट एकाखाली एक बसतात, आणि त्यांच्या उजवीकडच्या टिपा पायऱ्यांसारख्या मागेपुढे होतात.