‘पहिला प्रिन्स’ म्हणजे नक्की कुठला?

बेळगावात पन्नाशीकडे झुकलेल्या एखाद्यासमोर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या कॉम्प्युटर गेमचं नाव काढा, तो लगेच डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या कॉम्प्युटरच्या जमान्यात जाईल. त्याच्या पस्तिशीतल्या चुलतभावाला विचारा, तोही तितक्याच जिव्हाळ्याने ‘आमचा पहिला प्रिन्स’ म्हणेल, पण गेम वेगळाच. गणपतीत घर भरलं की हे दोघे बराच वेळ गप्पा हाणतात, आणि मग कुणाच्या तरी लक्षात येतं की एकजण तळघरातल्या सांगाड्याबद्दल बोलतोय आणि दुसरा वाळूतून उठणाऱ्या भुतांबद्दल. दोघांचंही खरं असतं, म्हणूनच जरा नीट उलगडून सांगावंसं वाटलं.

सालावारीने पाहिलं तर पहिला तो १९८९ चा. जॉर्डन मेकनर नावाच्या अमेरिकन तरुणाने जवळजवळ एकहाती बनवलेला, ब्रॉडरबंड कंपनीने ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी काढलेला. ॲपल टू आपल्याकडे कुणी पाहिला होता? आपल्याला भेटली ती १९९० ची डॉसवरची आवृत्ती. दुसरा म्हणजे २००३ चा ‘द सँड्स ऑफ टाइम’, युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल स्टुडिओचा. मधे १९९३ मध्ये जुन्याचा दुसरा भाग आला आणि १९९९ मध्ये एक थ्रीडी प्रयत्नही झाला, पण त्यांची आठवण काढणारा माणूस मला आमच्या भागात भेटलेला नाही. २००३ मध्ये कथा नव्याने सुरू झाली, म्हणून त्या पिढीला तोच पहिला. २००८ मध्ये कंपनीने आणखी एक गेम काढला आणि त्याचं नावही नुसतंच ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ ठेवलं. गोंधळ कमी होता म्हणून की काय!

नायकही एक नाही. १९८९ च्या गेममधला पांढऱ्या कपड्यांतला, अनवाणी धावणारा पोरगा मुळात प्रिन्स नाहीच. तो परमुलखातून आलेला साधा गडी. सुलतान लढाईवर गेलेला, मागे वजीर जाफरने सत्ता बळकावलेली, आणि राजकन्येला सांगितलेलं की तासाभरात माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. पोरगा तळघरात कोंडलेला. सगळं निभावलं तरच त्याला राजकुमारपण मिळतं. २००३ चा मात्र जन्मजात राजपुत्र, राजा शारामनचा मुलगा, आणि सुरुवातीला चांगलाच मिजासखोर.

पण खरा फरक वेळेचा आहे. बाकीचं सगळं त्याच्यामागून येतं.

१९८९ च्या गेममध्ये साठ मिनिटं मिळतात. जीव हवे तेवढे. मेलात की तीच लेव्हल पहिल्यापासून. घड्याळ मात्र मागे येत नाही, तुम्ही काट्यांवर पडून गेलेली मिनिटं गेली ती गेलीच. दर थोड्या वेळाने खाली अक्षरं उमटतात, इतकी मिनिटं राहिली. स्पेस दाबली तरी दिसतं, पण दाबायचं धाडस कोण करतो? बाराव्या लेव्हलपर्यंत पोहोचून तिथे वेळ संपली की सगळं पाण्यात. तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी दाबून गेम सेव्ह करता यायचा, पण सेव्ह केलेल्या गेममध्येही उरलेली मिनिटं तेवढीच. वाया घालवलेला वेळ जपून ठेवणारा असा गेम मी दुसरा पाहिला नाही.

२००३ च्या गेममध्ये नेमकं उलट. प्रिन्सच्या हातात एक खंजीर येतो आणि त्यातल्या वाळूच्या जोरावर काळ मागे फिरवता येतो. उडी चुकली, खाली दरीत चाललात, बटण दाबून धरा, तुम्ही तसेच हवेतून वर येऊन पुन्हा कठड्यावर उभे. वाळू अमर्याद नसते, शत्रूंना लोळवून त्यांच्यात खंजीर खुपसून ती परत भरावी लागते. तरीही चुकीची भीती जाते. मेलात तरी प्रिन्सचा आवाज म्हणतो की छे, असं काही झालंच नव्हतं, कारण सगळा गेम म्हणजे त्याने कुणाला तरी सांगितलेली गोष्ट आहे.

गंमत अशी की दोन्हीकडे मेकनरच आहे. २००३ च्या गेमची कथा त्यानेच लिहिली. चौदा वर्षांपूर्वी घड्याळ छातीवर बसवणाऱ्या माणसाने नंतर घड्याळ उलटं फिरवायची किल्ली हातात दिली!

माझी माया १९८९ च्या बाजूला झुकते हे लपवत नाही. टिळकवाडीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये सर फॉक्सप्रो शिकवून चहाला गेले की एका मशीनभोवती कोंडाळं व्हायचं. फ्लॉपी कुणीतरी कोल्हापूरहून आणलेली. मॉनिटर काळापांढरा. त्या गेममध्ये लाल बुडबुड्यांची बाटली जीव (खाली ठिपक्यांत दिसणारी ताकद) वाढवते आणि निळ्याची तो कमी करते. आम्हाला दोन्ही करड्याच दिसायच्या. म्हणून कुठल्या खोलीतली बाटली प्यायची आणि कुठली नाही, हे वहीच्या मागच्या पानावर लिहिलेलं असायचं. पहिली लेव्हल संपली की एक खोली यायची, बाटल्यांवर अक्षरं आणि खाली सूचना की पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर प्या. कॉपी करणाऱ्यांना अडवायला ती युक्ती होती. पुस्तिका आमच्यापैकी कुणी जन्मात पाहिली नव्हती, त्यामुळे अंदाजपंचे दाहोदरसे. पोरगा सुळक्यावरून सटकला की पाठीमागून कन्नडमध्ये ‘होतु ले!’ आणि मराठीत ‘मेला बे!’ एकाच वेळी. आणि मधेच लाइट गेली तर विचारूच नका. पुढे कुणाला तरी कळलं की ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून गेम चालू केला की लेव्हल ओलांडता येते, मिनिटंही वाढवता येतात. मंत्र असल्यासारखा तो कानात सांगितला जायचा.

त्या पोराचं धावणं इतकं खरं का वाटायचं, ते खूप नंतर वाचलं. १९८५ मध्ये मेकनरने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि त्यातली एकेक चौकट घेऊन चित्रं गिरवली. तलवारबाजी १९३८ च्या रॉबिन हूडच्या चित्रपटातून अशीच उचलली. संगीत वडिलांचं. घरचंच कार्य म्हणायचं. म्हणूनच तो धावता धावता थांबायला लावला तर एकदम थांबत नाही, एक पाऊल घसरतो, आणि त्या एका पावलाने आपण खड्ड्यात जातो.

चौथ्या लेव्हलमधला आरसा तर कुणी विसरलेलं नाही. दार उघडून परत फिरावं तर वाटेत आरसा उभा. पळत येऊन त्यात उडी मारली की पलीकडून आपलीच सावली निघून पळते आणि आपला जीव एका ठिपक्यावर येतो. पाचव्यात ती सावली आपली बाटली पिऊन जाते, सहाव्यात आपल्याला खाली पाडते, बाराव्यात तलवार काढून समोर येते. तिला मारलेला प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो. उपाय एकच, तलवार म्यान करून सरळ तिच्या अंगात चालत जायचं. ही सावली सुचली ती मेमरी संपल्यामुळे. नवा शत्रू काढायला मशीनमध्ये जागाच नव्हती, म्हणून मेकनरने नायकाचंच चित्र थोडं सरकवून वापरलं.

२००३ च्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर चुलतभाऊ बोलणं टाकेल. ग्राफिक्स कार्डाशिवाय तो चालायचाच नाही, त्यामुळे आधी घरी रड करून कार्ड आणायचं आणि मग गेम. भिंतीवरून आडवं धावणं त्यानेच सवयीचं केलं. शिवाय कथा सुरूच होते हिंदुस्थानात. पर्शियाची फौज एका महाराजाच्या राजवाड्यावर चालून येते, खंजीर तिथूनच लुटला जातो, आणि सोबतीला येणारी फराह त्या महाराजाची मुलगी. ती लहानपणी आईकडून ऐकलेला एक गुप्त शब्द प्रिन्सला सांगते, ‘काकोलूकीयम्’. पंचतंत्र वाचलेला मराठी माणूस तिथे खुर्चीतून उठतो, कारण ते तिसऱ्या तंत्राचं नाव.

दोन्ही गेम एकमेकांना भिडतात ते शेवटाकडे. (वीस वर्षं झाली, आता शेवट सांगितला तर चालतं.) फराह खंजीर घेऊन निघून जाते आणि प्रिन्सला उंच मनोरा खंजिराशिवाय चढावा लागतो. उलटं फिरवायचं बटण नाही, चुकलं की चुकलं. तेवढ्यापुरता तो गेम १९८९ चा होतो, आणि माझ्या मते तोच त्याचा सर्वांत चांगला भाग आहे.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत पुतण्याला डॉसचा गेम लावून दिला. एमुलेटरवर, म्हणजे नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणाऱ्या प्रोग्रामवर, सगळा नीट चालतो. २००३ चा त्याने आधी संपवलेला. पहिल्याच सुट्या फरशीवरून खाली गेला आणि म्हणाला, “काका, मागे फिरवायचं बटण कुठलं की?” नाही म्हटल्यावर तो अर्धा मिनिट कीबोर्डकडे बघत बसला. मग शिफ्ट धरून एकेक पाऊल टाकायला लागला, काट्यांतूनही तसंच चालत गेला. मी सांगितलं नव्हतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी २००३ चा आधी सुचवेन, कारण तो कथेत ओढून घेतो आणि फार छळत नाही. १९८९ चा मात्र मोबाइलच्या काचेवर बोटं फिरवत खेळू नका. त्याला खरी बटणं लागतात, शिफ्ट तर लागतेच. २००३ चाच नव्या रूपात येणार असं सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झालं, तेव्हा काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओकडे होतं, आणि आमच्याकडे पोरं उगाचच कॉलर ताठ करून फिरत होती. २०२२ मध्ये ते काम परत माँट्रियलला गेलं.