‘सूचित’ संमती: गोव्यातल्या मानसशास्त्रीय अभ्यासांमधल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

अभ्यासात भाग घेणाऱ्यापुढे प्रश्नावलीच्या आधी सहीसाठी जो कागद येतो, त्याला गोव्यात दोन नावे आहेत. कुठे ‘माहितीपूर्ण संमती’ छापलेले असते, कुठे ‘सूचित संमती’. दुसरे नाव हिंदीच्या वाटेने आले. हिंदीत सूचना म्हणजे माहिती, म्हणून तिथे ते खपते. मराठीत मात्र ‘सूचित करणे’ म्हणजे आडून सुचवणे. मानसशास्त्राच्या मराठीत तर ‘सूचना’ हा संमोहनातला शब्द आहे. ‘स्वयंसूचना’ त्याच घरातली. म्हणजे जाणून दिलेला होकार, असे जिथे म्हणायचे आहे, तिथे आपण ‘सुचवून मिळवलेला होकार’ असे छापतो.

ही केवळ भाषेची चूक असती तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. सूचनेचा प्रभाव कसा ओळखायचा, या प्रश्नातूनच या शास्त्राच्या पद्धतीचा मोठा भाग घडला. १७८४ साली पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे शरीरातल्या अदृश्य प्रवाहाने रोग बरे करण्याच्या दाव्याची, तपासणी झाली, तेव्हा रुग्णांचे डोळे बांधून पाहिले गेले. प्रवाह सोडल्याचे नुसते सांगितले तरी झटके येत. न सांगता सोडला तर काहीच होत नसे. पुढे १८१३पासून त्याच शहरात कांदोळीत जन्मलेले एक धर्मगुरू सांगू लागले, की संमोहनाची झोप लावणाऱ्याच्या हातात काही नाही, जे आहे ते झोपणाऱ्याच्या मनात. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी ज्यांचा पुतळा आहे, तेच हे आबे फारिया. कोणाला खरा उपचार मिळाला हे सहभागी आणि तपासणारा दोघांपासून झाकून ठेवण्याची आजची रीत त्याच शंकेच्या वंशातली.

नियम फार उशिरा आले. नाझी डॉक्टरांच्या खटल्यातून निघालेल्या १९४७च्या न्यूरेंबर्ग संहितेत स्वेच्छेची संमती पहिल्याच कलमात आहे, पण ती वैद्यकीय प्रयोगांपुरती समजली गेली. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांची पहिली आचारसंहिता १९५३ची. तरीही १९६१-६२मध्ये अमेरिकेत स्टॅन्ली मिलग्रम यांचे विजेच्या झटक्यांचे ते प्रसिद्ध प्रयोग झाले: सांगितले की दुसऱ्या माणसाला झटका द्यायचा. पहिल्या गाजलेल्या फेरीत ४०पैकी २६ जण ४५० व्होल्टच्या शेवटच्या बटणापर्यंत गेले. झटके खोटे होते. या प्रयोगावर चर्चा नेहमी आज्ञाधारकपणाची होते, पण आपल्या विषयासाठी दुसरीच गोष्ट महत्त्वाची: सहभागी आपणहून आले होते, मात्र त्यांनी होकार दिला होता तो ‘स्मरण आणि अध्ययन’ यांवरच्या अभ्यासाला. होकार होता, माहिती खोटी होती. १९७१चा स्टॅनफर्डमधला तुरुंगाचा प्रयोग, ज्यात विद्यार्थी कैदी आणि पहारेकरी झाले होते, दोन आठवड्यांचा ठरला होता, तो सहा दिवसांत गुंडाळावा लागला. १९७९च्या अमेरिकी सरकारी आयोगाच्या बेल्मॉन्ट अहवालाने व्यक्तीचा आदर, हित आणि न्याय ही तीन तत्त्वे मांडली. ती पाठ्यपुस्तकात आहेतच.

भारतात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे (आयसीएमआर) १९८०चे धोरण-निवेदन, मग २०००, २००६ आणि २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे असा क्रम आहे. २०१७च्या आवृत्तीत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनाला वेगळे प्रकरण मिळाले. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत ७ ते १५ सदस्य, अध्यक्ष संस्थेबाहेरचा आणि एक तरी सामान्य नागरिक हवा. आमच्या मते या सामान्य नागरिकाचे खरे काम एकच: सहभागींसाठीचे मराठी माहितीपत्रक वाचून ‘हे मला कळले नाही’ असे सांगणे. ते सहसा होत नाही, कारण समितीसमोर इंग्रजी मसुदा असतो आणि भाषांतर नंतर घाईत उरकले जाते.

त्याच २०१७ सालच्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचे कलम ९९ विद्यार्थ्यांच्या नजरेतून हमखास सुटते. औषध द्यायचे असेल तरच संमती लागते, अशी समजूत आहे. कलमात नुसती मुलाखतही धरली आहे. अभ्यासात मानसशास्त्रीय, शारीरिक किंवा औषधी उपचार असेल आणि मानसिक आजार असलेली व्यक्ती संमती देण्याच्या स्थितीत नसेल, पण विरोधही करत नसेल, तर घरच्यांची सही पुरत नाही. राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नाव-ओळख गुप्त ठेवून केस पेपरांचा अभ्यास करायला मात्र हे कलम आडवे येत नाही. दिलेली संमती केव्हाही मागे घेता येते.

गोव्याचा खरा पेच भाषेचा आहे. १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोंकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. प्रत्यक्षात पेडणे, डिचोली, सत्तरीतला माणूस घरात कोंकणी बोलतो आणि पेपर मराठी वाचतो. साष्टीतल्या अनेकांना रोमी लिपीच सोयीची, वास्कोत कन्नड किंवा हिंदी लागते. मग होते असे, की समिती मराठी पत्रक मंजूर करते, सही त्यावर होते, आणि समजावणी मात्र कोंकणीतून, मुलाखत घेणाऱ्याच्या स्वतःच्या शब्दांत. ‘कांयच त्रास ना, सगळ्यांनी होकार दिला’ हे वाक्य कुठल्याच मंजूर कागदावर नसते. हीच ती सूचना! त्यामुळे तोंडी सांगायचा मजकूरही लिहून मंजूर करून घ्यावा. भाषांतर झाले की ते मूळ न पाहिलेल्या दुसऱ्या माणसाकडून उलट भाषांतरित करून ताडावे. समोरच्याला ‘कळले का?’ असे विचारू नये, कारण उत्तर नेहमी ‘हो’ येते. ‘तुम्हाला काय करायचे आहे, आणि मध्येच नको वाटले तर काय होईल, ते तुमच्या शब्दांत सांगा’ असे विचारावे. अंगठा असेल तर साक्षीदार अभ्यासगटाबाहेरचा हवा.

इथल्या आरोग्य केंद्रांनी मोठ्या चाचण्या पाहिल्या आहेत. २०१०मध्ये निष्कर्ष आलेल्या, नैराश्य आणि चिंतेवरच्या उपचाराच्या एका चाचणीत २४ केंद्रे आणि २,७९६ रुग्ण होते. पुढे १० प्राथमिक केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर दुसरी झाली; साधारण निम्म्यांना डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांची सहा ते आठ सत्रे मिळाली. उरलेल्यांना सत्रे नव्हती, तरी आजार ओळखण्यासाठी सुरुवातीला केलेल्या चाळणीचा निकाल त्यांच्या डॉक्टरांपर्यंत पोचवला गेला. प्रश्न विचारून माणसाला तसेच सोडायचे नाही, हा धडा छोट्या प्रकल्पांनी घ्यायचा राहिला. पीएचक्यू-९ या नैराश्य तपासणाऱ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. ‘हो’ आले तर त्याच दिवशी कोण बोलणार, कुठे पाठवणार, हे छपाईआधी ठरलेले हवे. १४४१६ हा सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक पत्रकावर असणे म्हणजे ती व्यवस्था नव्हे.

शाळांत दुसरा घोळ. मुख्याध्यापकांची परवानगी ही प्रवेशाची परवानगी, संमती नव्हे. ‘हरकत असल्यास कळवा’ अशी चिठ्ठी दप्तरातून घरी पाठवली, तर ती पालकांनी पाहिलीच याला पुरावा काय? पालकांची संमती हवीच, शिवाय ७ वर्षांपुढच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वयात लेखी होकार. यालाही कोणी ‘अनुमती’ म्हणतात, कोणी ‘सहमती’. साधा ‘होकार’ सर्वांना कळतो.

सहीचा कागद आणि प्रश्नावली एकाच पिनेत टोचली की गुप्तता तिथेच संपते. नावे-क्रमांकांची यादी वेगळ्या कुलपात ठेवावी. ती नष्ट झाल्यावर कोणाची उत्तरे कोणती हे शोधता येत नाही, मग माघारही घेता येत नाही. यादी नष्ट करण्याची तारीख पत्रकात ठळक छापलेली असावी.