थर्मल पेस्ट थंड करत नाही

उन्हाळा लागला की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात एक फर्माईश हमखास ऐकू येते: ‘पीसी फार तापतोय, भारीतली पेस्ट लावा, आणि जरा जास्तच लावा.’ या एका वाक्यात दोन गैरसमज आहेत. पेस्ट थंड करते हा पहिला, आणि जास्त लावली की जास्त थंड करते हा दुसरा.

थर्मल पेस्ट प्रोसेसर आणि हीटसिंक (त्याची उष्णता हवेत सोडणारा पात्यांचा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये लावतात. पेस्ट स्वतः काहीच थंड करत नाही. तिचं काम हवेला हुसकावणं, बस्स. प्रोसेसरचं धातूचं झाकण आणि हीटसिंकचा तळ हाताला गुळगुळीत लागतात, पण सूक्ष्मदर्शकाखाली दोन्हींवर खाचखळगे दिसतात. स्क्रू कितीही आवळले तरी धातू धातूला भिडतो तो उंचवट्यांच्या टोकांवर. बाकीच्या फटींत हवा. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० आणि हवेची ०.०२६ (एकक वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन), म्हणजे पंधरा हजार पटींचा फरक.

आता शाळेतलं सूत्र काढू, कारण खरी गंमत इथंच आहे. थराच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक म्हणजे वाहणारी उष्णता गुणिले थराची जाडी, भागिले वाहकता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. समजा ६५ वॅट उष्णता ३ सेंटिमीटर बाजूच्या चौरसातून जातेय आणि मधला थर ५० मायक्रॉनचा (०.०५ मिलिमीटर) आहे. थर नुसत्या हवेचा असेल तर फरक जवळपास १४० अंश! ५ वाहकतेची साधी पेस्ट भरली तर ०.७ अंश. आणि दुप्पट वाहकतेची महागडी? ०.३६. म्हणजे जास्तीच्या पैशांत मिळाला अर्धा अंशही नाही. आता तीच महागडी पेस्ट हात सैल सोडून पाव मिलिमीटर जाड राहू दिली, तर फरक १.८ अंशांवर जातो. पातळ लावलेल्या स्वस्त पेस्टपेक्षाही वाईट. प्रत्यक्षात झाकणाखालची चिप लहान असते आणि दोन्ही पृष्ठभागांशी वेगळा अडथळा असतो, म्हणून खरे आकडे मोठे येतात. पण जाडीचं वजन तेवढंच राहतं.

डब्यावर छापलेल्या वाहकतेच्या आकड्याची आणखी एक मेख आहे. पेस्ट म्हणजे बहुधा सिलिकॉन तेलात कालवलेले झिंक ऑक्साइड किंवा अ‍ॅल्युमिनाचे (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे) कण. तेलाची वाहकता जेमतेम ०.१५, त्यामुळे उष्णता कणाकणांतून वाट काढते. मोठ्या कणांच्या फटींत बारीक कण बसवून दाटी वाढवतात. पण दाटी वाढली की पेस्ट घट्ट होते, दाबाखाली नीट पसरत नाही आणि थर जाड राहतो. वाहकतेत कमावलेलं जाडीत जातं.

लॅपटॉपला मात्र घट्टसर पेस्टच बरी. तिथं चिप उघडीच असते, आणि तापताना हीटसिंकचं तांबं चिपमधल्या सिलिकॉनच्या (हे मूलद्रव्य, वरचं तेल नव्हे) सहापट प्रसरण पावतं. तापणं-निवणं चालू राहिलं की फट किंचित उघडझाप करते आणि पातळ पेस्ट हळूहळू कडेला ढकलली जाते.

मोबाइलवरच्या व्हिडिओंत टूथपेस्ट लावून ‘चमत्कार’ दाखवतात. काही तास ती चालतेही, कारण हवा हटते. मग पाणी उडतं, थराला तडे जातात आणि हवा परत येते. 

शिवाय चिपचं तापमान खोलीच्या तापमानावर चढतं. निफाडच्या द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात ती थंडी आणि मेची दुपार, यांत नाशिकच्या घरात पंधरा-वीस अंश सहज बदलतात. ते कुठलीच पेस्ट भरून काढणार नाही. आधी पंख्यातली आणि पात्यांमधली धूळ काढा.

तरीही पेस्ट बदलायचीच असेल तर पीसी थोडा वेळ चालवून जुना थर नरम होऊ द्या. मग बंद करून, प्लग काढून हीटसिंक हलकेच फिरवत सोडवा. सरळ ओढलात तर काही सॉकेटमधून (प्रोसेसर बसवायच्या खाचेतून) प्रोसेसरच उपटून येतो. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मधोमध वाटाण्याएवढा ठिपका टाका, आणि स्क्रू समोरासमोरच्या कोपऱ्यांतले आलटून-पालटून, थोडे थोडे आवळा. पेस्टऐवजी लावायच्या, गॅलियम धातूवाल्या ‘लिक्विड मेटल’चा मोह झाला तर हीटसिंकचा तळ आधी बघा. तो अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर गॅलियम त्यात मुरतं आणि धातू हाताने मोडण्याइतका ठिसूळ होतो.