हौजीच्या तिकिटाची कुळकथा

भिशीत किंवा सोसायटीच्या कोजागिरीला रंगणाऱ्या हौजीच्या तिकिटावर तीन ओळी, नऊ स्तंभ आणि पंधरा आकडे असतात. पुकारायचे आकडे मात्र नव्वद. हे नव्वद आले सोळाव्या शतकातील जिनोआतून. त्या नगरराज्यात शासनमंडळावरील पाच जणांची नावे चिठ्ठ्या काढून ठरत आणि कोणाची चिठ्ठी निघणार यावर नागरिक पैजा लावत. पुढे नावांची जागा १ ते ९० या आकड्यांनी घेतली. इटलीच्या लोट्टो सोडतीत आजही नव्वदांतून पाचच आकडे काढतात. अठराव्या शतकात हा खेळ फ्रेंच दिवाणखान्यांत पोचला, तर एकोणिसाव्या शतकात जर्मनीत त्याच्या आधारे मुलांना पाढे शिकवले जाऊ लागले.

अमेरिकेत त्याला बीनो म्हणत, कारण पुकारलेल्या आकड्यावर घेवड्याची सुकी बी, म्हणजे इंग्रजीत ‘बीन’, ठेवत. १९२९ मध्ये एडविन लो या खेळणी-विक्रेत्याने जॉर्जियातील एका जत्रेत तो पाहिला आणि न्यूयॉर्कमध्ये मित्रमंडळींसह खेळून पाहिला. जिंकल्याच्या आनंदात एक बाई अडखळत ‘बिंगो’ ओरडल्या आणि तेच नाव पडले, असे लो सांगत असे.

खरी अडचण पुढे आली. पेन्सिल्व्हेनियातील एका चर्चने निधी जमवण्यासाठी हा खेळ सुरू केला, पण वेगवेगळी तिकिटे थोडीच असल्याने एकाच वेळी अनेक जण जिंकू लागले. तेव्हा लोने कोलंबिया विद्यापीठातील गणितज्ञ कार्ल लेफ्लर यांच्याकडे सहा हजार तिकिटे मागितली. पाच बाय पाच चौकटीचे, ७५ आकड्यांचे आणि मधले घर मोकळे असलेले अमेरिकन तिकीट ५५२ वर चोवीस शून्ये, इतक्या प्रकारे भरता येते. मग सहा हजारांचे काय मोठेसे? पण तिकीट वेगळे असून भागत नाही. एखादी आडवी, उभी किंवा तिरपी ओळ भरली तरी डाव जिंकता येत असल्याने, दोन तिकिटांवर तीच ओळ येता कामा नये. सहा हजार तिकिटांच्या जोड्याच सुमारे एक कोटी ऐंशी लाख होतात, आणि ही पडताळणी संगणकाविना करायची होती. या कामापायी लेफ्लर यांना वेड लागले, ही मात्र बहुधा दंतकथाच.

ब्रिटिश सैनिक याच खेळाला ‘हाउस’ म्हणत. आपली हौजी त्याच घराण्यातली. ब्रिटनमध्ये १९६० च्या जुगारविषयक कायद्यानंतर प्रेक्षक गमावलेल्या अनेक चित्रपटगृहांत बिंगो सुरू झाला.

हौजीत एकच तिकीट घेतले, तर फुल हाउस, म्हणजे तिकिटावरचे सगळे पंधरा आकडे, होण्यासाठी सरासरी ८५ आकडे पुकारावे लागतात. साठाव्या आकड्यापर्यंत ते साधण्याची शक्यता सुमारे ८६० त एक आहे. सभागृहात दोनशे तिकिटे असली, तरी तोवर कोणाचेही फुल हाउस न होण्याचीच शक्यता अधिक. लोकांनी तेवढा वेळ खुर्ची सोडू नये म्हणून मधे पहिले पाच आणि एकेका ओळीची बक्षिसे ठेवलेली असतात.